जुनी रोटरी गाडी घेताना आणि सांभाळताना: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रोटरी इंजिनाची जुनी कार किंवा मोटरसायकल घ्यावी असे ज्यांच्या मनात आले आहे, पण ज्यांचा आजवरचा सगळा अनुभव पिस्टनच्या इंजिनाचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पिस्टनच्या गाड्यांवर कमावलेले ज्ञान येथे बरेचसे उपयोगी पडते. मात्र त्यातल्या काही सवयी या इंजिनाचे थेट नुकसान करतात, आणि जुनी गाडी घेताना ज्या खुणा आपण चांगल्या मानतो त्यांपैकी एखादी खूण येथे धोक्याची असू शकते. रोटरी इंजिनाचे आयुष्य म्हणजे त्याच्या आतल्या सीलचे आयुष्य, ही एक गोष्ट आधी नीट समजली की पुढची प्रत्येक सूचना कशासाठी आहे हे आपोआप कळते.

येथे रोटरी म्हणजे जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून जर्मनीतील नेकार्सुल्म येथे एनएसयू कंपनीत घडलेले इंजिन. म्युनिकमध्ये १९२० च्या दशकात बनलेल्या मेगोला मोटरसायकलीच्या पुढच्या चाकात पाच सिलिंडर स्वतःभोवती फिरत असत आणि त्या रचनेलाही रोटरीच म्हणतात, पण तो पिस्टनच्याच इंजिनाचा एक प्रकार आहे आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही.

पहिली पायरी: आत काय फिरते ते समजून घ्यावे

या इंजिनाचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे घर, आतून पाहिले तर मधोमध किंचित आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसते. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर बसवलेला असतो आणि तो एक्सेंट्रिक शाफ्टवर (मध्यापासून बाजूला सरकलेले गोल भाग असलेल्या मुख्य दांड्यावर) अशा रीतीने फिरतो की त्याची तिन्ही टोके हाउसिंगच्या भिंतीला सतत लागून राहतात. रोटरच्या प्रत्येक बाजूपुढे एक पोकळी तयार होते. रोटर फिरतो तशी ती पोकळी मोठी होते, लहान होते, पुन्हा मोठी होते आणि पुन्हा लहान होते. त्यातूनच मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात, म्हणजे टॅकोमीटर (शाफ्टचे मिनिटाचे फेरे दाखवणारा मीटर) ६,००० दाखवत असताना रोटर मिनिटाला २,००० फेरेच घेत असतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक पॉवर स्ट्रोक मिळतो. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदा मिळतो, म्हणूनच रोटरीचे सीसी कसे मोजावेत यावरून करआकारणी करणारे आणि शर्यतींचे नियम करणारे कित्येक वर्षे वाद घालत राहिले. सुझुकीची आरई५ मोटरसायकल कागदावर ४९७ सीसीची असली तरी तिला पाचशेच्या वर्गातली मानावी की हजारच्या, हा प्रश्न त्यातूनच आला.

आता सीलकडे, म्हणजे पोकळीतला वायू पलीकडे निसटू न देणाऱ्या छोट्या भागांकडे वळू. रोटरच्या तीन टोकांवर तीन एपेक्स सील असतात. दोन्ही बाजूंच्या सपाट अंगांवर प्रत्येकी तीन साइड सील असतात, आणि जेथे टोक व बाजू एकत्र येतात तेथे प्रत्येकी तीन छोटे गोल कॉर्नर सील असतात. म्हणजे एका रोटरवर एकूण पंधरा सील झाले, आणि प्रत्येकाखाली त्याला बाहेर दाबून धरणारी स्प्रिंग असते. पिस्टनची रिंग गोल सिलिंडरमध्ये वरखाली सरकते आणि तिचा भिंतीशी होणारा कोन बदलत नाही. एपेक्स सीलचा कोन मात्र प्रत्येक फेऱ्यात सतत बदलत असतो. शिवाय ते सील इंजिनाच्या थंड बाजूकडून गरम बाजूकडे आणि परत, असे अखंड धावत असते. मिश्रण आत येते ती बाजू नेहमी थंड असते, आणि जेथे प्लग व एक्झॉस्ट आहेत ती बाजू नेहमी तापलेली असते. पिस्टनच्या सिलिंडरात ही दोन्ही कामे एकाच जागी होत असल्यामुळे उष्णता बरीच समान वाटली जाते, तशी ती येथे वाटली जात नाही. या इंजिनाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

एनएसयूमध्ये पहिले प्रायोगिक इंजिन फेब्रुवारी १९५७ मध्ये सुरू झाले, पण सीलचा प्रश्न सुटायला पुढे बरीच वर्षे लागली. हिरोशिमातील मझदाच्या प्रयोगशाळेत केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांना हाउसिंगच्या क्रोमवर आडव्या लहरींसारख्या खुणा उमटलेल्या दिसत, आणि त्या खुणांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील भिंतीवरून सरळ न सरकता थरथरत जात असल्यामुळे ते ओरखडे पडत होते. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट कारमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील वापरून मझदाने त्यावर तोड काढली. ते सील सहा मिलिमीटर जाडीचे होते. पुढे धातूचे सील आले तेव्हा ही जाडी तीन मिलिमीटरवर आणि नंतर दोनवर आली. कोणत्या वर्षाच्या इंजिनात कोणते सील बसते हे म्हणूनच सुटे भाग मागवण्याआधी पक्के करून घ्यावे लागते.

दुसरी पायरी: कोणती गाडी घ्यावी

पहिलीच रोटरी गाडी घेणाऱ्याला मी निःसंकोचपणे मझदाची पहिल्या पिढीची आरएक्स-७ सुचवेन. ती १९७८ पासून १९८५ पर्यंत बनली, पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या, आणि तिचे १,१४६ सीसीचे १२ए इंजिन कार्ब्युरेटरवर चालणारे, टर्बो नसलेले आणि समजायला सोपे आहे. (तिच्या शेवटच्या काळात जपानमध्ये टर्बो आणि अमेरिकेत मोठे १३बी इंजिनही आले, नवख्याने ते प्रकार सध्या बाजूला ठेवावेत.) सुटे भाग मिळतात, आणि हे इंजिन खोलून बसवणारे कारागीर जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये आजही आहेत.

एनएसयू रो ८० ही माझ्या मते या सगळ्यांत सुंदर कार आहे. १९६७ मध्ये आलेली ही गाडी पुढच्या वर्षी युरोपची कार ऑफ द इयर ठरली, आणि तिची बांधणी पाहिली तर ती त्या काळाच्या पंधरा वर्षे पुढची वाटते. तिच्या सुरुवातीच्या इंजिनांनी मात्र कंपनीला बुडवले. एपेक्स सील तीन तुकड्यांचे होते, त्यातला मधला तुकडा थंडीत सुरू करताना अधिक झिजायचा, आणि मग उरलेल्या दोन तुकड्यांना हलायला जागा मिळून जळता वायू पलीकडे निसटायचा. मधल्या तुकड्यासाठी फेरोटिक हा अधिक कठीण पदार्थ वापरल्यावर हा दोष गेला, पण तोपर्यंत वॉरंटीत इंजिने बदलून देता देता एनएसयू खचली होती आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. एकूण सुमारे ३७,४०० रो ८० बनल्या. ही गाडी पाहायला गेल्यावर आधी बॉनेट उघडून आत रोटरी इंजिन आहे याची खात्री करावी, कारण मूळ इंजिन गेल्यावर अनेकांनी त्या जागी फोर्डचे व्ही-४ इंजिन बसवले होते. तिला क्लच पेडल नाही. गिअरच्या दांड्याच्या मुठीला हात लागला की विजेच्या स्विचमुळे क्लच सुटतो, त्यामुळे चालवताना मुठीवर हात ठेवून बसण्याची सवय असणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून सोडावी.

एनएसयू स्पायडर (२,३७५ गाड्या), कॉस्मो स्पोर्ट (१,१७६) आणि सित्रोएन जीएस बिरोटोर (८४७) या संग्राहकांच्या गाड्या आहेत. त्यातही बिरोटोर विकल्यावर कंपनीने स्वतःच त्या परत घेऊन मोडीत काढण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे तिच्या सुट्या भागांची वानवा आहे. शिकण्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नये.

मोटरसायकलींत निवड कमी आहे, पण प्रत्येकीचा स्वभाव अगदी निराळा आहे. हर्क्युलिस डब्ल्यू २०००, जी काही देशांत डीकेडब्ल्यू या नावाने विकली गेली, तिच्यात साक्स या जर्मन कंपनीचे २९४ सीसीचे, पंख्याने थंड होणारे एक रोटरचे इंजिन आहे. ती साधी आणि हलकी आहे, आणि स्वतः काम करू इच्छिणाऱ्यासाठी ती उत्तम सुरुवात ठरते. सुझुकी आरई५ ही १९७४ ते १९७६ या काळातली. पाण्याने थंड होणारे हाउसिंग, तेलाने थंड होणारा रोटर, गुंतागुंतीचा दोन टप्प्यांचा कार्ब्युरेटर आणि एका मुठीला जोडलेल्या अनेक केबल यांमुळे ती शिस्तीने जुळवून दिली तर फार गोड चालते, आणि शिस्त चुकली तर कारागिराचा अंत पाहते. पहिल्या मॉडेलवरचे गोल नळकांड्यासारखे मीटरचे घर इटलीचे प्रसिद्ध कार-डिझायनर जुजारो यांनी रेखाटलेले होते. १९७६ च्या मॉडेलवर ते गेले आणि साधे मीटर आले. व्हॅन वीन ओसीआर १००० च्या तर जेमतेम ३८ गाड्या बनल्या. नॉर्टनची ५८८ सीसीची दोन रोटरची मालिका इंग्लंडमध्ये पोलिसांसाठी बनलेल्या इंटरपोल २ पासून पुढे आली. १९८७ ची हवेने थंड होणारी क्लासिक शंभरच बनली, १९८८ च्या कमांडरमध्ये पाण्याचे कूलिंग आले, आणि १९९२ मध्ये शर्यतपटू स्टीव्ह हिस्लॉप यांनी आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत रोटरी नॉर्टनवर जिंकली. वापरायला घ्यायची असेल तर कमांडर घ्यावी.

पैसे टाकण्याआधी ही इंजिने जवळून पाहून घ्यावीत. नोकरीनिमित्त श्टुटगार्टच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना नेकार्सुल्मचे दुचाकी आणि एनएसयू संग्रहालय रेल्वेने सहज गाठता येते. आउग्सबुर्गमध्ये मझदाच्या जुन्या गाड्यांचे संग्रहालय आहे, आणि बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहलच्या मोटरसायकल संग्रहालयात नॉर्टन पाहायला मिळतात. कापून ठेवलेले इंजिन समोर असताना वर सांगितलेले सगळे पाच मिनिटांत डोळ्यांना पटते.

तिसरी पायरी: पाहणी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे येथे घाई करू नये. रंग, सीट, क्रोम आणि गंज यांची पाहणी इतर कोणत्याही जुन्या गाडीसारखीच असते, त्यामुळे येथे फक्त इंजिनाबद्दल लिहितो.

मालकाला आधी सांगून ठेवावे की आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू झाले पाहिजे. त्याआधी रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी आणि रंग पाहावा. मग झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे आणि पहिली दोन मिनिटे पाण्याकडे पाहत राहावे. हवा अडकली असल्यास सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबतात, पण ते थांबत नसतील, ओळीने येत राहत असतील आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर हाउसिंगच्या थरांमधले पाण्याचे सील गेलेले असतात. रोटरी इंजिन म्हणजे लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटा आलटून पालटून रचून लांब बोल्टांनी आवळलेली थप्पी असते. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि इंजिन एकदा जरी फार तापले तरी त्या थरांमधले रबरी सील कायमचे चपटे होऊन निकामी होतात. याला इंजिन पूर्ण खोलण्यावाचून इलाज नाही.

दुसरी खूण गरम इंजिनाची. गाडी किमान वीस मिनिटे चालवावी, बंद करावी, आठ-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सेल्फ मारावा. थंड असताना पटकन सुरू होणारे पण गरम झाल्यावर खूप वेळ सेल्फ घेणारे इंजिन कॉम्प्रेशन गमावत चाललेले असते, कारण थंडीत दाट तेल सीलची झीज झाकते आणि पातळ झाल्यावर ते झाकत नाही. पाहणीला जाण्याआधीच मालकाने गाडी गरम करून आणि चालूच ठेवून स्वागत केले, तर त्यामागचे कारण शोधावे.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे कॉम्प्रेशनची चाचणी, जी करू न देणाऱ्याची गाडी घेऊ नये. इंजिन गरम करून बंद करावे, पेट्रोल आणि इग्निशन तोडावे, बॅटरी पूर्ण चार्ज असल्याची खात्री करावी. ज्या रोटरची चाचणी करायची त्याचा एक प्लग काढून तेथे गेज लावावा आणि दुसरा प्लग घट्ट तसाच ठेवावा. ज्या रोटरची चाचणी नाही त्याचाही एक प्लग काढून ठेवला तर सेल्फ समान वेगाने फिरतो. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ मारावा. येथेच पिस्टनच्या सवयीचा गेज फसवतो. साध्या गेजमध्ये दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, आणि एका रोटरच्या तीन बाजूंपैकी जी सर्वांत चांगली आहे तिचाच आकडा तो दाखवत राहतो. म्हणजे तीनपैकी दोन बाजू मेलेल्या असल्या तरी काटा छान वर उभा राहतो. तो व्हॉल्व्ह काढून टाकला, किंवा त्याचे दाब सोडायचे बटण दाबून धरले, की काटा तीन-तीनच्या लयीत उड्या मारताना दिसतो आणि त्या उड्या समान आहेत का हे पाहता येते. रोटरी इंजिनासाठीचा खास इलेक्ट्रॉनिक गेज मिळाला तर तो प्रत्येक बाजूचा आकडा वेगळा देतो.

आकडे वाचताना सेल्फचा वेग लक्षात घ्यावा लागतो, कारण वेग वाढला की दाबही वाढलेला दिसतो. मझदाच्या १२ए आणि जुन्या १३बी इंजिनांसाठी मिनिटाला २५० फेऱ्यांना चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या खाली दाब आला तर इंजिन संपले असे समजतात, आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा अधिक फरक असू नये. आठच्या आसपास आणि समान आकडे आले तर इंजिन निरोगी आहे. आकड्यांपेक्षाही त्यांची मांडणी अधिक बोलकी असते. लागून असलेल्या दोन बाजू कमजोर आणि तिसरी चांगली असेल, तर बहुतेक वेळा त्या दोघींमधले एपेक्स सील तुटलेले असते, कारण ते एकच सील दोन्ही पोकळ्यांची भिंत असते. एकच बाजू कमजोर असेल तर संशय त्या बाजूच्या साइड सीलवर जातो. तिन्ही सारख्याच कमी असतील तर ती सर्वसाधारण झीज असते, किंवा काजळीने सील खाचांत चिकटून बसलेले असतात. आणि हा दुसरा प्रकार कधी कधी नुसत्या चालवण्याने सुधारतो.

गेज जवळ नसेल तर प्लगच्या छिद्राशी कान द्यावा. प्लग काढून सेल्फ मारल्यावर फस्, फस्, फस् असे तीन समान फुत्कार ऐकू आले पाहिजेत. फस्, फस् आणि मग शांतता असे ऐकू आले तर पुढची बोलणी इंजिनाचे संपूर्ण काम धरूनच करावीत.

मालकाशी बोलताना इंजिन तेल किती खाते हे अवश्य विचारावे. "एक थेंब तेल खात नाही" असे अभिमानाने सांगितले गेले तर सावध व्हावे. सील ओले राहावेत म्हणून या इंजिनात तेल मुद्दाम जाळले जाते. मझदाच्या जुन्या गाड्यांत दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर तेल जाणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे. तेल अजिबात जात नसेल तर ते पोहोचवणारा पंप बंद पडलेला तरी आहे किंवा कोणी काढून टाकलेला तरी आहे. काढून टाकला असेल आणि मालक पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे तेल मिसळत असेल तर हरकत नाही, पण त्याने ते स्वतःहून सांगितले पाहिजे.

चौथी पायरी: तेलाचा हिशेब

गाडी घरी आली की पहिले काम म्हणजे या विशिष्ट इंजिनात तेल कोणत्या वाटेने सीलपर्यंत जाते हे शोधून काढणे, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळे योजले आहे.

मझदामध्ये इंजिनाच्या सम्पमधलेच (तळाच्या तेलाच्या भांड्यातलेच) तेल एक छोटा मापक पंप थ्रॉटलच्या प्रमाणात कार्ब्युरेटरकडे पाठवतो. म्हणून डिपस्टिक प्रत्येक पेट्रोल भरण्याबरोबर पाहावी. महिन्यातून एकदा पाहणे येथे पुरत नाही. तेच तेल जाळले जात असल्यामुळे राख कमी ठेवणारे साधे मिनरल तेल, बहुतेक ठिकाणी २०डब्ल्यू-५०, जुन्या इंजिनांना मानवते आणि ते दर पाच हजार किलोमीटरला बदलावे. सिंथेटिक तेलावर रोटरीवाल्यांमध्ये जोरदार मतभेद आहेत. नवख्याने त्या वादात न पडता कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले वापरावे.

आरई५ मध्ये तीन वेगवेगळ्या जागी तेल असते: इंजिनाच्या सम्पमध्ये, गिअरबॉक्समध्ये आणि सीलसाठीच्या वेगळ्या टाकीत. ती तिसरी टाकी विसरली जाते, आणि तीच सर्वांत महाग पडते. नॉर्टनमध्ये टाकीतले तेल एकदाच वापरून जाळले जाते, परत येत नाही.

हर्क्युलिसच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळावे लागते, नंतरच्यांना पंप आला. या इंजिनात आत जाणारे मिश्रण रोटरच्या पोटातून फिरून त्याला थंड करत जाते, आणि त्यातल्या तेलावरच सीलबरोबर मुख्य बेअरिंगही जगते. आकुर्डीच्या टू-स्ट्रोक बजाज स्कूटरमध्ये पंपावर मोजून तेल घालून घेणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही. एक दिवस तेल घालायचे राहिले तर काय होते हे तिला ठाऊक आहे.

पाचवी पायरी: सुरू करणे, चालवणे, बंद करणे

रोटरीच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान करणारी सवय म्हणजे थंड गाडी सुरू करून दहा फूट हलवणे आणि लगेच बंद करणे. चोकमुळे आत गेलेले जादा पेट्रोल भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढते, तेल गेल्यावर सील हवा धरत नाहीत, कॉम्प्रेशन उरत नाही, आणि पुढच्या वेळी कितीही सेल्फ मारला तरी इंजिन फ्लड होऊन फक्त ओले होत राहते. गाडी धुण्यासाठी बाहेर काढायची असेल तर शक्य तेथे ढकलावी. सुरू केलीच तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत ती चालू राहू द्यावी, आणि मगच बंद करावी.

फ्लड झालीच तर बॅटरी आणि सेल्फ जाळत बसू नये. पेट्रोलचा पंप बंद करावा, सगळे प्लग काढावेत, चोक आत ढकलून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ थोडा-थोडा मारावा, म्हणजे आतले पेट्रोल प्लगच्या छिद्रांतून बाहेर उडेल. ते हवेत पसरते, त्यामुळे इग्निशन पूर्ण तोडलेले असावे आणि आसपास ठिणगी नसावी. मग प्रत्येक छिद्रातून चमचाभर इंजिनाचे किंवा टू-स्ट्रोकचे तेल आत सोडावे, इंजिन हाताने किंवा सेल्फने दोन-तीन फेरे फिरवावे, कोरडे प्लग लावावेत आणि पंप चालू करून गाडी सुरू करावी. सुरू झाल्यावर काही मिनिटे दाट निळा धूर येईल, तो तेलाचाच असतो आणि आपोआप जातो.

प्लग बदलताना कंपनीने सांगितलेलेच बदलावेत. अनेक रोटरी इंजिनांत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात आणि ते एकामागोमाग ठिणगी देतात, कारण जळण्याची पोकळी लांबट असते आणि एका टोकाला पेटवलेले मिश्रण दुसऱ्या टोकापर्यंत वेळेत जळत नाही. जास्त पेट्रोल खाण्याचे एक मोठे कारणही ही लांबट पोकळीच आहे, आणि १९७३ च्या तेलटंचाईने या इंजिनाला एवढा फटका का दिला ते यावरून लक्षात येते. काही मॉडेलमध्ये दोन्ही प्लगची उष्णता वाहून नेण्याची क्षमता वेगळी असते, त्यामुळे काढताना कोणता कोठला हे चिठ्ठी लावून ठेवावे. रो ८० वर सुरुवातीला प्रत्येक रोटरला दोन प्लग होते आणि नंतर एकच आला, हेही मागवण्याआधी तपासावे.

चालवताना थंड इंजिन जोरात पळवू नये. गरम झाल्यावर मात्र ते फार जपूनही चालवू नये. कायम कमी वेगाने आणि थोड्या अंतरासाठी चालवलेल्या रोटरीत काजळी साठते आणि सील खाचांत चिकटतात, म्हणून पूर्ण गरम झालेल्या आणि तेल-पाणी तपासलेल्या इंजिनाला मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून टॅकोमीटरवरच्या लाल रेषेच्या जवळ नेणे हा देखभालीचाच भाग समजावा. येथे एक धोका असतो: रोटरी इतके गुळगुळीत फिरते की वेग मर्यादेबाहेर गेल्याचे हाताला कळत नाही. रो ८० च्या मालकांनी अशीच इंजिने गमावली, म्हणून एनएसयूने पुढे जास्त फेऱ्यांना वाजणारा इशारा बसवला. टॅकोमीटर चालू नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत जोरात चालवू नये.

तापमानाबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. पिस्टनची जुनी गाडी एकदा उकळली तर थांबून, पाणी घालून पुढे जाता येते. रोटरीचा काटा लाल भागाकडे सरकू लागला तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाण्याचा विचार न करता त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करावी. जुना रेडिएटर आतून साफ करून घेणे, होस बदलणे, थर्मोस्टॅट कंपनीच्याच प्रकारचा बसवणे आणि पंख्याचा क्लच तपासणे ही कामे गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात उरकावीत. मूळ मीटर बऱ्याचदा मध्यावर आळसावून बसतात आणि उशिरा हलतात, त्यामुळे आकडे दाखवणारा वेगळा तापमापक लावणे मला आवश्यक वाटते. मूळ डॅशबोर्ड बिघडवायचा नसेल तर तो ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवता येतो. साक्सच्या पंख्याच्या इंजिनात कूलिंगच्या पात्यांमध्ये साठलेली धूळ आणि तेल हाच रेडिएटर तुंबल्यासारखा दोष असतो, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला पंख्याचे झाकण काढून सगळे स्वच्छ करावे.

सहावी पायरी: लांब मुक्काम

युरोपात हिवाळाभर किंवा परदेशवारीच्या काळात गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर ती पूर्ण गरम करून बंद करावी, प्लगच्या छिद्रांतून थोडे टू-स्ट्रोकचे तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे आणि प्लग परत लावावेत. ओलाव्याने लोखंडी साइड हाउसिंगवर रोटर थांबलेल्या जागी गंजाची रेघ उमटते, आणि पहिल्याच सेल्फला साइड सील त्या रेघेवरून घासत जाते. दर महिन्याला पाच मिनिटे चालू करून बंद करण्याची पद्धत येथे अपायकारक आहे, त्याचे कारण वर फ्लड होण्याच्या संदर्भात आलेच आहे. पेट्रोलची टाकी भरून ठेवावी. कार्ब्युरेटर मात्र रिकामा करावा.

सातवी पायरी: इंजिन खोलायची वेळ आली तर

कधी ना कधी ती वेळ येतेच. पिस्टनच्या इंजिनासारखे बोअर करून मोठा पिस्टन घालणे येथे शक्य नसते, कारण हाउसिंगच्या वक्र भिंतीवर क्रोमचा पातळ थर असतो आणि तो गेला की ते हाउसिंग बदलावे लागते. खोलल्यावर पहिली नजर प्लगच्या छिद्रांच्या कडांवर आणि हाउसिंगच्या दोन्ही काठांवर टाकावी, क्रोम सोलायला तेथूनच सुरुवात होते. वरच्या बाजूने बोट फिरवून आडव्या लहरी जाणवतात का हे पाहावे. साइड प्लेट सपाट आहेत का हे मोजावे; त्या काही मर्यादेपर्यंत घासून सरळ करता येतात.

सील मोजताना संयम लागतो. साइड सील विकत आणले तसे बसत नाही. ते त्याच्या खाचेत ठेवून, टोकाला घासून, कॉर्नर सीलपासून नेमके अंतर राहील असे जुळवावे लागते. मझदामध्ये हे अंतर ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते, म्हणजे फीलर गेजचे (बारीक फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याचे) सर्वांत पातळ पान आत सरकले पाहिजे पण जाडे पान अडले पाहिजे. दोन रोटरच्या इंजिनात असे बारा साइड सील एकेक करून जुळवायचे असतात, आणि प्रत्येक सील त्याच्याच खाचेत परत जाईल अशी खूण करून ठेवायची असते. घाईत हे काम उरकणारा कारागीर पाचशे किलोमीटरवर परत भेटतो. म्हणूनच कारागीर निवडताना तो साइड सीलचे अंतर लिहून देतो का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे होतो.

जुळवणी झाल्यावर पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत वेग मर्यादेत ठेवावा, एकाच वेगावर फार काळ चालवू नये, पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोकचे तेल टाकून द्यावे आणि शेवटी इंजिनाचे तेल व फिल्टर बदलावेत. त्यानंतर गरम इंजिनावर कॉम्प्रेशनची चाचणी पुन्हा घेऊन सहाही बाजूंचे आकडे, सेल्फचा वेग आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. पुढच्या प्रत्येक वर्षीची तुलना त्या आकड्यांशीच करायची असते.